मेंढरं कुणाची?

कोल्हापूर,
शनिवार रात्र

प्रिय पोरी,

सलाम.

तुझ्या उपदेशाची चार पानं परवा मिळाली. दोनदा वाचली. मंडळीपुढे पहिल्यांदा उभी राहणार आहेस, म्हणून तू बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे," घेतलंस ह्याचं नवल वाटलं नाही. आपल्यात बारशापासून मातीपर्यंत तेच चालतं. संडे स्कूलच्या पोरांनाही ते तोंडपाठ असतं, आणि तोंडपाठ गोष्टीचं जे होतं ते त्याचंही झालंय. ओठ हलतात, कान बंद.

शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तू एक ओळ लिहून खोडली आहेस. माझ्या चष्म्याला ती दिसली. "मला मेंढरू म्हणवून घ्यायचा राग येतो." अगं, ती ओळ का खोडलीस? बाकीची पानं तू वाचलेल्या पुस्तकांची आहेत, ती एकच ओळ तुझी आहे. कॉलेजात कुणाला मेंढरू म्हटलं तर भांडण होईल, आणि रविवारी आपण उभं राहून तेच स्वतःला म्हणतो. उपदेश तिथून सुरू कर.

आता तुझ्या पहिल्या पानाबद्दल. मऊ पांढरं कोकरू, खांद्यावर घेतलेला प्रभू, मागे हिरवळ. हे तू शास्त्रातून घेतलेलं नाहीस, आपल्या बैठकीतल्या कॅलेंडरवरून घेतलं आहेस. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, त्यांच्यामागून आणखी मिशनरी आले. वचन त्यांनी आपल्या भाषेत शिकवलं, पण भिंतीवरची चित्रं परदेशातलीच राहिली. आपल्या भागातली मेंढी काळी, उंच पायांची, खरबरीत लोकरीची. तिच्या लोकरीचं घोंगडं अंगाला टोचतं. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर उधळतात ती लोकर हीच. आणि आपल्याकडचा धनगर तिला मेंढी म्हणतच नाही, 'बकरी' म्हणतो. शेळी वेगळी, बकरी वेगळी. हे तुला माहीत आहे, पण चर्चच्या दारात चपला काढताना आपण अशा गोष्टीही बाहेरच काढून ठेवतो.

तीसेक वर्षांपूर्वी मी हातकणंगले तालुक्यात एका लहान मंडळीचा पाळक होतो. मंडळीतल्या एकाने खोडवा मोडलेल्या रानात बकरी बसवली होती. म्हणजे लेंडीखतासाठी कळप रात्रीचा रानात मुक्कामाला ठेवायचा, आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा रोख द्यायचं. मी सायकलवरून घरी चाललो होतो, सहज थांबलो आणि रात्रभर राहिलो.

दिवस मावळला तशी चरायला गेलेली बकरी परत आली. कोकरं दिवसभर मुक्कामालाच, दोरीच्या जाळीत. जाळी उघडली आणि जो गलका झाला तो काही मला लिहिता यायचा नाही. शेदीडशे आया ओरडतायत, तेवढीच पोरं ओरडतायत, सगळी काळी, सगळी एकसारखी, आणि वर अंधार पडत चाललेला. प्रत्येक आई पोराच्या शेपटीकडे हुंगते, आपलं नसेल तर ढुशी देऊन बाजूला सारते. त्या गर्दीत धनगर वाकून फिरत होता. एक कोकरू त्याच्या बगलेत होतं, त्याची आई आठवड्यापूर्वी मेली होती. दूध जास्त असलेली एक बकरी त्याने मागच्या पायाला धरली, गुडघ्यात तिची मान दाबली आणि कोकराला लावलं. ती लाथा झाडत होती. तो तिला शिव्याही देत होता आणि मधूनच पुटपुटत होता, "घे गं बाई, घे." कोकराचं पोट टम्म होईपर्यंत त्याने पाय सोडला नाही. उठला तेव्हा सदऱ्यावर दूध, शेण, लाळ, सगळं.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात, कोकरांना उराशी धरून वाहील, असं म्हटलंय ना, ते त्या रात्रीपासून मला तसं दिसतं. त्या धनगराच्या सदऱ्यासारखं.

आणि 'बसवतो' हा शब्द. "तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो." धनगर बकरी बसवतो ती दुसऱ्याच्या रानासाठी. कळपाने खत द्यायचं, मालकाचं रान सुधारायचं. स्तोत्रात मात्र मेंढराला बसवलंय ते मेंढरासाठीच, त्याचं पोट भरलंय आणि भीती नाही म्हणून. शब्द तोच, हिशोब उलटा. आपल्या लोकांना हा फरक एका वाक्यात कळेल. हिरवळीवर मात्र लांबण लावू नकोस. आपल्याकडे नजर जाईल तिथे हिरवं आहे, पण तो ऊस. त्यात मेंढरू घुसलं तर धनगराला मार पडतो. त्याला चारा शोधावा लागतो: काढणी झालेली रानं, रस्त्याच्या कडा, उरलंसुरलं गायरान. ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे त्या दाविदाच्या यहूदाच्या डोंगरातही पावसाळ्यानंतर थोडे दिवस हिरवं, मग खडक. ते कुरण समोर पसरलेलं नसतं, कुणीतरी पायपीट करून हुडकलेलं असतं.

रात्री मी त्याला लूकच्या पंधराव्या अध्यायातला दाखला सांगितला. शंभर मेंढरं, एक हरवलं, नव्याण्णव रानात सोडून तो शोधायला गेला. मला वाटलं, आता हा काहीतरी प्रेमाचं बोलेल. तो म्हणाला, "जायाच पायजे की. ह्यातली सगळी माझी हैत व्हय? धा-पंधरा पावण्याची हैत. त्येचं गेलं तर त्येला काय तोंड दावू?"

पोरी, पाळकाचं सगळं शिक्षण घेऊन मला जे कळलं नव्हतं ते त्या माणसाने चिलीम ओढता ओढता सांगितलं. शास्त्रात मेंढपाळ म्हटलं की आपण माया ऐकतो. माया आहेच. पण तिच्याखाली सगळीकडे हिशोब आहे. मेंढरू कुणाचं, आणि जबाब कुणाला द्यायचा.

याकोब आपल्या सासऱ्याला, लाबानाला, काय म्हणतो ते वाच, उत्पत्ती ३१. वीस वर्षं तुझी मेंढरं राखली, दिवसा उन्हाने होरपळलो, रात्री गारठलो, डोळ्याला डोळा लागला नाही, आणि जनावराने फाडलेलं मेंढरू तुझ्याकडे आणलं नाही, त्याचं नुकसान मी सोसलं. हे काव्य नव्हे, सालगड्याची कैफियत आहे. निर्गम २२ मध्ये नियमच घालून दिलाय: राखायला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं तर पुरावा आण, म्हणजे भरपाई माफ. म्हणून आमोस संदेष्टा म्हणतो की मेंढपाळ सिंहाच्या जबड्यातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो. मेलेल्या मेंढराचा कान कशाला हवा? मालकाला दाखवायला. आणि तुझ्या स्तोत्रातली काठीही नुसती लांडगे हाकलायची नाही. लेवीय २७ मध्ये कळप काठीखालून जातो आणि दर दहावं जनावर परमेश्वराचं ठरतं. मोजदादीची काठी ती. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" म्हणजे मी मोजलेला आहे, रात्री एक कमी भरला तर कुणाच्या तरी लक्षात येणार आहे.

आता यहेज्केल संदेष्ट्याच्या ३४ व्या अध्यायाकडे जा, तुझ्या पानांत तो नाहीच. तिथले मेंढपाळ म्हणजे इस्राएलाचे राज्यकर्ते. त्या काळी सगळीकडेच राजे स्वतःला प्रजेचे मेंढपाळ म्हणवत, बाबेलच्या हम्मुराबीनेही म्हणवलं. यहेज्केल त्यांच्या ह्याच पदवीला हात घालतो. चरबी तुम्ही खाता, लोकर तुम्ही पांघरता, पण दुबळ्याला बळ दिलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. आणि मग परमेश्वर म्हणतो, मी स्वतःच माझी मेंढरं हुडकीन. नोकराचा जबाब घेऊन मालक स्वतः रानात उतरतो. योहान दहा वाचताना हे डोक्यात असू दे. "मी उत्तम मेंढपाळ आहे" हे येशूचं वाक्य ऐकणाऱ्यांनी यहेज्केल ऐकलेला होता. त्यांना ते गोड वाटलं नाही. अध्याय संपायच्या आत लोक धोंडे उचलतात.

आपण कोल्हापूरकर, मेंढरू शेवटी कुठे जातं हे आपल्याला सांगायला नको. तांबडा-पांढरा रस्सा काय झाडाला लागतो? धनगर कितीही जीव लावू दे, बाजाराच्या दिवशी बकरं विकावंच लागतं, त्याशिवाय त्याचं घर कसं चालेल? जगात सगळीकडे मेंढरू मेंढपाळासाठी मरतं. योहान दहामध्ये मेंढपाळ मेंढरांसाठी मरतो. आणि प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात तर कोकराच त्यांचा मेंढपाळ होतो. हे इतकं विचित्र आहे की आपण ते सवयीने गिळून टाकलंय. तू ते मंडळीच्या घशात अडकव.

तुझ्या रागाचं उत्तरही तिथेच आहे, थोडं. योहानातली मेंढरं मुकाट मागे जाणारी नाहीत. ती वाणी ओळखतात, आणि परक्याच्या मागे जात नाहीत, पळून जातात. ज्याला आवाजातला फरक कळतो त्याला मूर्ख कसं म्हणायचं? उलट, पुलपिटावरून काहीही ऐकवलं तरी आमेन म्हणणाऱ्या माणसांना योहानाच्या मेंढरांकडून शिकता येईल. हे वाक्य उपदेशात घालायचं की नाही ते तू ठरव. पंच कमिटी पहिल्या बाकावर बसते.

धनगराच्या बोलण्यातली एक गाठ मात्र मला बरीच वर्षं सुटली नव्हती. प्रभू म्हणतो, मोलकरी पळून जातो, कारण मेंढरं त्याची स्वतःची नाहीत. आणि माझा धनगर म्हणत होता, दुसऱ्याची आहेत म्हणून तर जायला पाहिजे. मग पाळकाने कुणासारखं व्हायचं? सुटली ती योहानाच्या शेवटच्या अध्यायात. समुद्राकाठी, कोळशाच्या विस्तवापाशी, प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला, 'माझ्यावर प्रीती करतोस का' असं तीनदा विचारतो आणि तीनदा सांगतो: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ, माझी मेंढरे चार. तिन्ही वेळा 'माझी'. एकदाही 'तुझी' नाही. पेत्राने पुढे आपल्या पत्रात हेच मंडळीच्या वडीलजनांना लिहिलं, की धनीपण गाजवू नका, वर मुख्य मेंढपाळ आहे. पावण्याचीच बकरी ती. फक्त हा पावणा असा की त्याने आधी स्वतःचा जीव दिलाय, त्यामुळे तोंड दाखवणं आणखी अवघड.

मी हे विसरलो होतो. त्याच मंडळीत एक तरुण होता, साखर कारखान्यावर हंगामी कामाला. उपासनेला येईनासा झाला. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. इमारतीचा जीर्णोद्धार काढला होता, वर्गणी, पावत्या, सिमेंट. चार महिन्यांनी गेलो तर खोलीला दुसऱ्याचं कुलूप. शेजारीण म्हणाली, आजारी होता, पुण्याला भावाकडे नेला. तिने आणखी एक सांगितलं: "तुमची वाट बघत हुता." पुढे मी पुष्कळ शोधलं, सापडला नाही. इमारत छान झाली. त्या वर्षीच्या अहवालात मी 'माझ्या मंडळीने' असं सात वेळा लिहिलंय, नंतर मोजलं.

लॅटिनमध्ये पास्टर म्हणजे मेंढपाळच. मराठीत येताना त्यातली मेंढरं गळाली, नुसता 'पाळक' उरला, आणि मग आपण त्याला 'साहेब' जोडलं.

एक राहिलं. तुझ्या मंडळीतले कुणी म्हणाले की मुलीने मेंढपाळावर काय बोलावं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, उत्पत्ती २९ उघडून दे. राहेल बापाची मेंढरं घेऊन विहिरीवर येते, ती मेंढरं ती चारत असे असं स्पष्ट लिहिलंय. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मिद्यानी याजकाच्या सात मुली कळपाला पाणी पाजायला येतात आणि पुरुष मेंढपाळ त्यांना हुसकावतात. तेव्हा मोशे कुणाच्या बाजूने उठला तेही तिथेच आहे. आणि दाविदाचं म्हणशील तर त्याच्या बापाने, इशायाने, राजा निवडायला आलेल्या शमुवेलापुढे सात मुलगे उभे केले, धाकट्याला बोलावलंही नाही, तो मेंढरांमागे होता. आपल्या कागल तालुक्यातल्या यमगेचा धनगराचा मुलगा २०२५ च्या एप्रिलात यूपीएससी पास झाला, तेव्हा निकालाची बातमीही त्याला बेळगावकडे मेंढरांतच मिळाली होती. मला तेव्हा इशायाचं घर आठवलं.

पानं परत पाठवतोय. दुसरं पान सगळं काढ. तिसऱ्यावर मी खुणा केल्यात. मृत्युच्छायेच्या दरीत आल्यावर दाविदाचं 'तो' जाऊन 'तू' होतं, हे तू नेमकं टिपलंस, ते ठेव.

ह्या आठवड्यात आमच्याकडे रुकडीच्या अलीकडे एका रानात बकरी बसली आहेत, पेरणीआधी खत हवं म्हणून. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत ये, सहाला कळप परत येतो. जुनी चप्पल घाल. धनगर बोलावल्याशिवाय जाळीजवळ जायचं नाही, आणि मोबाईलचा दिवा लावायचा नाही, बकरी बुजतात.

तुझा,
काका