खासदारासाठी एखाद्या विधेयकावर टिपण कसं तयार करायचं? सुरुवात कुठून करू?

मूळ विधेयकापासूनच. बातमी किंवा सरकारी प्रसिद्धिपत्रक आधी वाचलं, की आपण नकळत त्याच मुद्द्यांत अडकतो.

विधेयकाच्या शेवटी जोडलेले कागद आधी बघा: उद्देश व कारणांचं निवेदन, वित्तीय ज्ञापन (खर्चाचा तपशील) आणि प्रत्यायोजित विधिविधानाचं ज्ञापन. हे तिसरं बहुतेक जण चाळतही नाहीत, पण खरी मेख तिथेच असते. कोणत्या गोष्टी संसदेऐवजी सरकार नियमांनी ठरवणार, हे त्यातूनच कळतं. दुरुस्ती विधेयक असेल तर मूळ कायद्यातलं कलम आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहा. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आलं तरी अर्थ फिरतो.

सर्वांत जास्त चूक होते ती ‘सध्याचा कायदा’ सांगताना. संसदेत संमत होणं, राष्ट्रपतींची संमती आणि अंमलात येणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. भारतीय न्याय संहिता २०२३ मध्ये संमत झाली, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पण अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाबद्दलचं कलम १०६(२) त्या अधिसूचनेतून वगळलं होतं. म्हणून ‘इंडिया कोड’ या सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर मजकूर पाहिला तरी राजपत्रातली अधिसूचना तपासाच.

विधेयक स्थायी समितीकडे गेलं असल्यास अहवालातली भिन्नमतपत्रंही (असहमत सदस्यांची टिपणं) वाचा. टिपण दोन पानांतच बसवा. प्रत्येक दाव्यापुढे खंड (विधेयकातलं कलम) क्रमांक हवा, कारण सभागृहात लगेच विचारलं जातं: कुठल्या खंडात?