वाचनाचा वेग कसा वाढवायचा? सीसॅटचे शेवटचे उतारे वाचायचेच राहतात

तुम्ही लिहिलंय की राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटला (म्हणजे उतारे आणि बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपरला) शेवटचे दोन-तीन उतारे दरवेळी राहतात आणि कोणीतरी मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारा कोर्स सुचवलाय, तो करू का. मी बरीच वर्षं पोरांकडून उतारे सोडवून घेतोय, त्यामुळे आधी त्या हजाराचंच सांगतो. नका करू. हजाराच्या स्पीडने पानावरून नजर फिरते, पण डोक्यात काही राहत नाही, आणि इथे मार्क समजल्याचे मिळतात.

याचं कारण डोळ्यातच आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जातो, एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो आणि पुढची उडी घेतो, वाचन होतं ते या थांब्यांत. त्यातही एकदम स्पष्ट दिसणारा भाग केवढा, तर हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा. मग अख्खी ओळ एका नजरेत वाचायला शिकवतो असं कोणी म्हणत असेल तर सरळ सोडून द्या. २०१९ मध्ये मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने १९० अभ्यास एकत्र करून आकडा काढला होता, इंग्रजी वाचणारी मोठी माणसं माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्दांनी वाचतात. मराठीत विभक्ती प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दालाच चिकटून येतात त्यामुळे मिनिटाला शब्द कमीच भरणार, त्या २३८ शी स्वतःची तुलना करून टेन्शन घेऊ नका.

आता जरा हिशोब करू. ८० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, पाच प्रश्नांच्या उताऱ्याला साडेसात. उतारा समजा ४०० शब्दांचा आहे आणि तुम्ही मिनिटाला १५० ने वाचता, तर २ मिनिटं ४० सेकंद लागले. २०० ने वाचलात तर २ मिनिटं. वाचले किती, ४० सेकंद! उरलेली पाच मिनिटं जातात परत उताऱ्यात शोधण्यात आणि दोन पर्यायांमध्ये अडकण्यात, आणि खरी गळती तिथेच आहे हो.

आणि परत मागे का जावं लागतं? विषय अनोळखी असतो म्हणून. हे वाक्य बघा, पेपरात साधारण असंच येतं: 'रेपो दरातील वाढीमुळे पतपुरवठा आकुंचन पावून समग्र मागणीवर अधोगामी दबाव निर्माण होतो.' ज्याला माहितीये की रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवला की बँकांना पैसा महाग पडतो, मग त्या कर्जं महाग करतात आणि लोक खर्च कमी करतात, तो हे एका दमात वाचतो. ज्याला माहीत नाही तो 'पतपुरवठा'वर थांबतो, मागे येतो, पुढे 'अधोगामी'वर अडखळतो, मग पुस्तिकेत त्याच उताऱ्याचं इंग्रजी असतं ते काढतो, तो अर्धा वाचून परत मराठीकडे, आणि एका वाक्यात मिनिट संपतं. दोघांचे डोळे सारखेच आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं की स्पीड डोळ्याच्या व्यायामाने वाढत नाही, ओळखीने वाढतो. दोन आठवडे एकच विषय धरा, आधी अर्थव्यवस्था, मग पर्यावरण, विज्ञान, तत्त्वज्ञान (याला पोरं सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून ते टाळू नका), आणि त्यावर जे मिळेल ते वाचा, अग्रलेख, 'योजना' आणि 'लोकराज्य' ही मासिकं, जुन्या पेपरातले उतारे. रोज एक उतारा घड्याळ लावून एकदाच वाचायचा, मग झाकून ठेवायचा आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळींत लिहायचं. दोन ओळी आल्या नाहीत तर तो स्पीड तुमच्या कामाचा नाही, थोडा कमी करा. महिन्याभरात फरक जाणवायला लागेल.

बाकीचं पटकन सांगतो. पेनाचं टोक ओळीखाली फिरवत वाचलं तर लक्ष भरकटत नाही, जरूर करा. ओठ हलत असतील तर ती सवय सोडा, पण मनातला आवाज दाबायच्या मागे लागू नका, अवघड मजकूर समजायला तो लागतो. उताऱ्याआधी नुसते प्रश्न बघा, पर्याय नकोत. मराठी की इंग्रजी ते घरीच ठरवा आणि पेपरात भाषा बदलू नका, मराठी वाक्य अगदीच लागेना तेवढ्या वाक्यापुरतं इंग्रजी बघितलं तर ठीक. आणि वाचताना डोकं दुखत असेल, ओळ सुटत असेल तर आधी डोळे तपासून घ्या, नंबर निघालेली पोरं मी बघितलीयत.

शेवटी त्या राहणाऱ्या उताऱ्यांबद्दल. सीसॅट आता फक्त पात्रतेपुरता आहे, २०० पैकी ६६ लागतात. एका प्रश्नाला अडीच मार्क, चुकला की पाव भाग कट. म्हणजे ३५ बरोबर आणि २० चूक आले तरी ७५ होतात आणि २५ प्रश्नांना तुम्ही हातच लावलेला नसतो. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत सगळे उतारे चाळा, ओळखीच्या विषयाचे आधी घ्या, आणि जे दोन सगळ्यात परके वाटतात ते शेवटाला ठेवा, राहिले तर राहू द्या.