नाणेघाटाच्या लेण्यात नेमके काय पाहावे?

प्रश्न : पावसाळा संपल्यावर आम्ही नाणेघाटाला जाणार आहोत. जुन्नरकडून गाडी घाटमाथ्यापर्यंत जाते. मग कोकणातून चढून जाण्यात काय विशेष? शिवाय लेण्यातले पुतळे फुटलेले आहेत आणि अक्षरेही कळत नाहीत, असे ऐकले. तिथे पाहायचे काय?

उत्तर : पायांत बळ असेल तर चढूनच जावे, कारण नाणेघाटाचा सर्वांत मोठा पुरातन अवशेष म्हणजे ती वाटच आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल जुन्नरमार्गे सातवाहनांच्या पैठणपर्यंत नेण्यासाठी जी वाट वापरली जात असे, तिच्यावरूनच आपण आज कोकणातल्या पायथ्याच्या वैशाखरे गावाच्या बाजूने चालतो. सुरुवातीला जंगल लागते, पुढे चढ अंगावर येतो आणि शेवटी दगडी पायऱ्या व खडकात खोदलेली पाण्याची टाकी दिसू लागतात. पावसाळ्यानंतरही काही दिवस पायऱ्यांवर शेवाळ राहते, तेव्हा उतरताना घाई करू नये.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता जेमतेम पावलांच्या खुणा उरल्या आहेत. मात्र वर कोरलेल्या नावांमुळे सिमुक, सातकर्णी आणि राणी नागनिका कुठे उभे होते, हे आजही सांगता येते. माझ्या मते पाहण्यासारखी खरी गोष्ट आहे ती बाजूच्या भिंतींवर. नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला तो दीर्घ लेख सामान्यतः इ.स.पू. पहिल्या शतकातला मानतात. इंद्र, संकर्षण-वासुदेव (बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि दिशांचे रक्षक लोकपाल यांना वंदन करून अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, गावे व कार्षापण नाणी यांची नोंद त्यात केली आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे चिन्हांनी लिहिलेले असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांसाठी वेगळी चिन्हे आहेत.

अक्षरे दिसत नाहीत म्हणून त्यांत खडू भरणे किंवा भिंतीवर पाणी ओतणे हे प्रकार कृपया कोणालाही करू देऊ नका. विजेरी भिंतीलगत आडवी धरली की खोदकामात सावली पडते आणि झिजलेली ओळही उठून दिसते. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. तोही पाहून घ्यावा.