वाचकांचे प्रश्न : कारखाना कुपवाडात, सर्व्हर गावभागात

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचा पंपांचे सुटे भाग करण्याचा कारखाना आहे. प्रायव्हेट लिमिटेड, ९० कामगार, उलाढाल १८ कोटींच्या आसपास. हिशेब, स्टोअर, पगार सगळं १९९८ साली एका ओळखीच्या प्रोग्रॅमरनी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये करून दिलेल्या प्रोग्रॅमवर चालतं. ते आता सत्तरीला आलेत. सर्व्हर सांगलीत, गावभागातल्या ऑफिसात. पुण्याहून परत आलेला मुलगा म्हणतो, ईआरपी (हिशेब, स्टोअर, पगार सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या, सगळं क्लाउडवर न्या. तीन कोटेशनं आलीत, त्यांत चौपट फरक. अकाउंटंट म्हणतात, चालतंय ते कशाला मोडता? कोणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अकाउंटंटना सांगा, ‘चालतंय’ ते कायद्यात बसत नाही. कंपनी असल्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहायलाच हवा, आणि तो बंद करता येता कामा नये. फॉक्सप्रोत मार्चचं व्हाउचर जूनमध्ये बदललं तर कोणाला कळतं? आमच्याकडेही कळत नव्हतं. हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणंही २०२२ च्या दुरुस्तीपासून आलंच. आणि ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, सक्तीची आहे. तेव्हा कोणीतरी बिचारी प्रत्येक बिल एकदा जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि पुन्हा पोर्टलवर टाइप करत असणार.

म्हणून बदलायचं तर आहेच. पण ‘कोणती ईआरपी’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तीन कोटेशनांत चौपट फरक पडलाय, कारण तुम्हाला नेमकं काय हवंय हे तुम्ही तिघांनाही सांगितलेलं नाही. प्रत्येकानं आपापल्या मनानं तुमचा कारखाना रंगवलाय.

एका साखर कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, मी २६ वर्षं काढली. आम्हीही अशीच नवी सिस्टीम घेतली. जुन्या स्टोअरची यादी आहे तशी उचलून आत ओतली. गळीत हंगामाची मोळी टाकायला आठ दिवस असताना सिस्टीम म्हणाली, ६२०५ बेअरिंग शिल्लक नाही. रॅकवर तर खोकी रचलेली! शोधलं तेव्हा कळलं, एकाच बेअरिंगला चार कोड पडले होते : ‘बेअरिंग ६२०५’, ‘६२०५ बेरिंग’, ‘बॉल बेअरिंग २५ एमएम’ आणि कोणा खरेदी क्लार्कनं घातलेलं नुसतं ‘पंखा बेअरिंग’. मग उत्साहात एका मुलानं ‘६२०५ झेडझेड’सुद्धा त्यातच मिसळून टाकलं. ते दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असलेलं, उघड्या ६२०५ च्या जागी डोळे मिटून टाकायचं नाही. हे सांगितलं कोणी? सॉफ्टवेअर कंपनीच्या सल्लागारानं नाही, आमच्या स्टोअरकीपरनं, चष्मा कपाळावर सरकवून. त्या आठ दिवसांत आम्ही घरी फक्त अंघोळीला जात होतो.

तेव्हा पहिले तीन महिने सॉफ्टवेअरवर रुपयाही घालू नका. स्टोअरकीपर आणि अकाउंटंट यांना समोरासमोर बसवून यादी धुऊन काढा. फॉक्सप्रोच्या डीबीएफ (डेटाच्या) फाइली एक्सेलमध्ये उघडतात, माल कुठं जात नाही. तुमच्या चिरंजीवांना हे काम कंटाळवाणं वाटेल. त्यांनाच द्या.

क्लाउडचं म्हणाल तर त्यांच्याशी मी सहमत आहे, आणि कारण पुरात बुडणारा गावभाग. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा सर्व्हर तळमजल्यावर होता. बॅकअपची हार्ड डिस्क होती की, त्याच टेबलाच्या खणात! चिखलातून काढून त्यांनी ती हेअर ड्रायरनं वाळवली होती. २०२१ ला पाणी पुन्हा आलंच. पण क्लाउड घेताना कारखान्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घ्या. नाहीतर गेटवर गाडी उभी आणि नेट नाही म्हणून मालाचं चलन निघत नाही, हा प्रकार रोजचा होईल. बॅकअप आहे एवढ्यावर विसंबू नका, तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उतरवून मागच्या महिन्याचा पगार काढून बघा.

करारात दोनच ओळींवर अडून बसा. सोडून जायचं ठरलं तर आमचा सगळा डेटा वाचता येईल अशा रूपात, जादा पैसे न घेता, अमुक दिवसांत मिळेल. आणि दर वर्षीची वाढ किती, ते आजच लिहून. बाकी अटी वकील बघतील. जुन्या प्रोग्रॅममध्ये होता तसाच रिपोर्ट हवा, असा हट्ट प्रत्येक टेबलावरून येईल. अशा प्रत्येक हट्टाचे पैसे पडतात, वर पुढच्या अपडेटला तोच आधी मोडतो. आम्ही असे चाळीसेक रिपोर्ट करून घेतले, वापरात पाच-सहा राहिले.

सुरुवात १ एप्रिलला करा, पण शिल्लक मार्चअखेरीस प्रत्यक्ष मोजून. आणि दोन महिने दोन्हीकडे नोंदी चालू द्या. लोक कुरकुरतील, त्या दोन महिन्यांचा ओव्हरटाइम आधीच जाहीर करा.

आणि त्या प्रोग्रॅमरना आजच फोन करा. पगारात एखादा कामगार रात्रपाळीतून दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो तेव्हा हजेरी कोणत्या तारखेला धरायची, असले पन्नास नियम फक्त त्यांच्या डोक्यात आहेत. चार दिवस शेजारी बसून ते लिहून घ्या, सोर्स कोडची प्रत मागा. ते जे पैसे मागतील ते द्या, घासाघीस करू नका.