९ वॅटचा एलईडी बल्ब खरंच जुन्या १०० च्या बल्बइतका उजेड देतो का? वॅट, लुमेन, केल्विन म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने "९ चा एलईडी म्हणजे जुना १०० चा बल्ब" असं सांगून दिला, तुम्ही तो दहा बाय बाराच्या खोलीत लावला, आणि आता मुलगी म्हणते अभ्यासाला नीट दिसत नाही. तिचं बरोबर आहे. माझं मिरजेला इलेक्ट्रिकलचं दुकान आहे आणि हेच वाक्य सुरुवातीची दोन वर्षं मीही गिऱ्हाइकांना ऐकवलंय.

वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो. उजेड किती देतो ते लुमेन. बैल वैरण किती खातो यावरून तो नांगरतो किती हे कळत नाही, तसंच. जुना पिवळा बल्ब खाल्लेल्यातली ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा, हात लागला की चटका बसायचा. १०० चा पिवळा बल्ब साधारण १३०० लुमेन द्यायचा, ६० चा सातशेच्या आसपास. तुमच्या खोक्यावर बारीक अक्षरात बघा, ८०० ते ९०० लुमेन असेल. म्हणजे ६० च्यापेक्षा थोडा सरस. १०० ची बरोबरी करायला १२ ते १४ वॅटचा एलईडी लागतो.

खर्चाचं गणित सोपं आहे. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. ९ चा बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला दीड युनिटाच्या वर थोडं, ६० चा पिवळा जवळपास अकरा युनिट. (आणि तो 'झिरोचा' बल्ब आठवतो? तो झिरो कधीच नव्हता, बारा-पंधरा वॅट खायचा.)

आता मुलीची अडचण. ती लुमेननं सुटत नाही, तिथं लक्स बघावं लागतं. बल्बमधून बाहेर पडतो तो उजेड लुमेनमध्ये. एक चौरस मीटर जागेवर पडतो किती, ते लक्स. तुमची खोली साधारण ११ चौरस मीटर. ८५० लुमेनपैकी निम्मे भिंती, छत आणि बल्बवरची धूळ गिळतात असं धरा. उरलेले खोलीभर पसरले की वाट्याला येतात जेमतेम ४० लक्स. वाचायला-लिहायला टेबलावर ३०० तरी हवेत. म्हणून ९ चा काढून १२ चा लावलात तरी फार फरक पडणार नाही.

फरक पडतो अंतरानं. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. माझा भाचा दहावीला असताना त्याच्या टेबलावर मी लक्समीटर ठेवून पाहिलं होतं. वरची २० वॅटची पट्टी चालू, तरी वहीवर ७० च्या घरात. मग साधा झाकणाचा टेबललॅम्प आणून ७ वॅटचा बल्ब घातला, वहीपासून दीड फुटावर. काटा पाचशेच्या पुढे गेला. बहिणीला पटेना, तिनं दोनदा दिवा बंद-चालू करून बघितला.

केल्विन हा उजेडाचा रंग, जोर नव्हे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, आणखी तापलं की पांढरं. तोच हिशोब. २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे 'पांढरा म्हणजे जास्त उजेड' हे डोक्यात इतकं बसलंय की पिवळा एलईडी दाखवला की लोक नाक मुरडतात. मला विचाराल तर अभ्यासाला ४००० बरा, झोपायच्या खोलीत २७००.

सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात. पिवळ्या बल्बला शंभरपैकी शंभर. बाजारातले बरेचसे एलईडी ८० च्या आसपास. साडी घेताना बायका "जरा दारात उजेडात बघू द्या" म्हणतात ना, ते सीआरआयच तपासणं. आमच्या घरी एक आमसुली रंगाची साडी आली होती, दुकानात आमसुली आणि अंगणात चक्क तपकिरी! स्वयंपाकघरात आणि आरशापाशी ९० च्या वरचा मिळाला तर घ्या.

खोक्यावरच्या पीएफ (पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती खरी कामी येते तो आकडा) वगैरेकडे घरासाठी बघू नका, घरचं मीटर खऱ्या वॅटचेच युनिट मोजतं. होल्डर मात्र बघून जा: आपल्याकडे बहुतेक पिनचा असतो, टेबललॅम्पला पुष्कळदा आट्यांचा निघतो आणि परत फेरी पडते.

तर ९ चा बल्ब आहे तिथंच राहू द्या, एक टेबललॅम्प आणा. मुलगी उजव्या हातानं लिहीत असेल तर तो डावीकडे ठेवा, नाहीतर हाताची सावली नेमकी अक्षरावर येते. डावखुरी असेल तर उलट.