किनाऱ्याच्या संरक्षणाचा निधी मंजूर कोण करते?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर राहते. तेथील बंधाऱ्यांच्या निधीला मंजुरी कोण देते?

उत्तर : १९४९च्या कायद्याने धूप रोखण्याची कामे किनारी कौन्सिलांकडे (तेथील स्थानिक स्वराज्य संस्थांकडे) आली, निधीची मंजुरी मात्र मंत्रालयाकडे राहिली व २००१मध्ये ती कृषी मंत्रालयाकडून नव्या पर्यावरण खात्याकडे गेली. २००८पासून पूर व किनारा यांची एकत्रित देखरेख एन्व्हायर्न्मेंट एजन्सी ही सरकारी संस्था करते. तिच्या कार्यक्रमाला प्रादेशिक समित्यांची संमती लागते. सरकारी वाटा बराचसा किती घरे वाचतात यावर ठरत असल्याने विरळ वस्तीची गावे मागे पडतात, आणि हे मला अन्यायाचे वाटते. नॉरफोकच्याच किनाऱ्यावरील हेझब्रो या गावामध्ये जुने लाकडी संरक्षण ढासळले, तेव्हा थोड्या घरांसाठी ते पुन्हा उभारण्याचा खर्च निकषांत बसला नाही. मुलीने पहिली चौकशी जिल्हा कौन्सिलकडेच करावी.