पावसाळ्यात लेन्सला बुरशी का धरते?

प्रश्न : डिचोलीला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. मी लग्नाचे फोटो काढतो. कॅमेरा आणि तीन लेन्स चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवतो. यंदा गणेश चवथीला बाहेर काढल्या, तर एकीत पांढरे बारीक धागे दिसले. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट, परवडत नाही. कुणी तांदळात ठेवायला सांगतं, कुणी डांबरगोळ्या टाकायला. काय करू?

उत्तर : ती बुरशी आहे. ती लेन्स आधी बाकीच्यांपासून वेगळी करा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारून दुसऱ्या दोन्ही नीट तपासा.

मी पणजीत कॅमेरे दुरुस्त करतो. चवथीनंतर अशा लेन्स येऊ लागतात, आणि कितीतरी चामडी केसमधूनच निघतात. चामडं आणि बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो, त्यात बंद कपाटातला काळोख आणि कोंदट हवा. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला तेवढं पुरतं; जुलैत आपल्याकडे ती 85 च्या आसपास असते. चिऱ्याची भिंत ओल शोषते, म्हणून कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा.

तांदूळ नकोच, त्याचा भुगा लेन्सच्या रिंगमध्ये शिरतो. डांबरगोळ्यांची वाफ काचेवर बसते.

रबरी कडेचा, क्लिपने घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात अर्धा किलो सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, सुती पिशव्यांत भरून ठेवा आणि हवेतली ओल मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाका. हजार-दीड हजारात सगळं बसतं. पैसे कमी पडले तर डबा साधा घ्या, पण हायग्रोमीटर सोडू नका. आत किती ओल आहे ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला दिसतं. त्यावरचा आकडा 40 ते 50 मध्ये राहिला पाहिजे. 30 च्या खाली गेला तर एखादी पिशवी काढून घ्या, फार कोरड्या हवेत रबर आणि आतलं ग्रीस खराब होतं.

जेल नारिंगी रंगाचं मागा. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात मुलं असतील तर ते नकोच. नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवट झाले की पिशवीतून काढून ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोनेक तास तापवा. ओव्हन नसेल तर जुन्या तव्यावर मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून हलवत राहा. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. दाणे बंद बाटलीत पूर्ण निवले की मगच डब्यात घाला.

डब्यात ठेवण्यापूर्वी लेन्सवरची धूळ ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, उडवा आणि मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. बोटांचे तेलकट ठसे हेच बुरशीचं खाद्य. मिरामारला किंवा कळंगुटला फोटो काढून आलात तर बाहेरचा भाग किंचित ओल्या कापडाने पुसून सुकवा, मीठ हवेतली ओल ओढून घेतं. एसी हॉलमधून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि अर्धा तास उघडू नका. थंड काचेवर दमट हवा लागली की पाणी सुटतं.

बुरशी लागलेल्या लेन्सचं सांगायचं तर लवकर द्या. उशीर झाला की बुरशीतलं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, मग डाग पुसून जात नाही. कोटिंग कितपत गेलंय ते दुरुस्तीवाल्याला दाखवायला सांगा. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी किट लेन्स असेल, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा वापरलेली दुसरी घेणं बरं.